कृष्णाकाठचा विश्वस्त : यशवंतराव चव्हाण

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णामाई वाईवरून खाली येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला पोटात घेते आणि पुढे सांगलीच्या घाटाला लागते. आज नकाशावर सातारा आणि सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे आहेत. परंतु १९४९ पर्यंत या खोऱ्यातील बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता. त्या वर्षी सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश आणि साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले, तरी या दोहोंनाही आपलाच वाटावा असा एक लोकनेता या मातीने दिला. त्याचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला आणि त्याची कर्मभूमी सातारा जिल्ह्यातील कराड ही होती. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव बळवंतराव चव्हाण हे ते नेतृत्व होय.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत यशवंतरावांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विश्वस्त या एका शब्दात आहे. लोकांनी विश्वासाने हाती सोपविलेली वस्तू स्वतःची न मानता ती सांभाळावी, वाढवावी आणि हिशेबासह परत करावी, हा विश्वस्ताचा धर्म. देवस्थानाच्या निधीला जो नियम लागू, तोच मतदाराने दिलेल्या मतालाही लागू आहे. प्रस्तुत लेखक हा इतिहासाचा अभ्यासक नाही, कापडाचा व्यापारी आहे. तेव्हा रोजकीर्द आणि खतावणी तपासण्याच्या सवयीनेच या थोर पुरुषाच्या जीवनाकडे पाहण्याचा हा नम्र प्रयत्न आहे. जमेची बाजू मोठी आहे म्हणून नावेची बाजू झाकून ठेवावी, हे व्यापाऱ्याच्या धर्मात बसत नाही.

बालपण आणि जडणघडण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी आजोळी, देवराष्ट्रे येथे झाला. चव्हाण कुटुंब मूळचे विट्याचे. वडील बळवंतराव हे कराडच्या न्यायालयात बेलिफाची नोकरी करीत. यशवंतराव चार-पाच वर्षांचे असतानाच प्लेगच्या साथीत वडिलांचे निधन झाले आणि संसाराचा सर्व भार आई विठाई यांच्यावर पडला. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती, परंतु मुलांनी शिकावे ही तिची जिद्द मोठी होती. थोरल्या भावांनी कष्ट करावेत आणि धाकट्याने शिकावे, अशी त्या घराची रीत पडली. पुढे राज्याचा कारभार पाहताना गरीब घरातील मुलांच्या फीचा प्रश्न यशवंतरावांना इतका जवळचा का वाटला, याचे उत्तर कराडच्या त्या लहानशा घरात सापडते.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना घडलेला एक प्रसंग जुन्या मंडळींच्या तोंडी नेहमी असे. मोठेपणी कोण व्हावेसे वाटते, असे शिक्षकांनी वर्गात विचारले असता इतर मुलांनी देशातील मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावे लिहिली आणि या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले. वरवर पाहता हा अहंकार वाटेल. परंतु दुसऱ्याची नक्कल न करता स्वतःच्या बळावर उभे राहण्याची ती बालवयातील खूण होती.

१९३० च्या सविनय कायदेभंगाने शाळकरी यशवंतरावांना चळवळीत ओढले. १९३२ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना विद्वान सहकाऱ्यांचा सहवास लाभला आणि कोवळ्या वयात वाचनाचे जे व्यसन लागले ते अखेरपर्यंत सुटले नाही. सुटकेनंतर त्यांनी शिक्षण पुरे केले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते बी.ए. झाले, पुण्यातून १९४१ मध्ये एलएल.बी. झाले आणि कराडला वकिलीची पाटी लागली.

निवडणुकीची पहिली शाळा

यशवंतराव निवडणुकीचे राजकारण शिकले ते स्वतः उमेदवार होऊन नव्हे, दुसऱ्याचा प्रचार करून. ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्याच्या राजकारणावर धनजीशा कूपर यांचा मोठा प्रभाव होता. ते जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष आणि नामांकित कारखानदार. १९३७ साली एप्रिल ते जुलै या काळात ते मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. प्रांताच्या सरकारप्रमुखाला त्या वेळी हेच नाव होते. सर्वसामान्य शेतकऱ्याच्या मुलाने निवडणुकीस उभे राहावे, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची वाटे. अशा वेळी शेतकरी कुटुंबातील आत्माराम बापू पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळावी म्हणून तरुण यशवंतरावांनी व त्यांच्या मित्रांनी कंबर कसली. आत्माराम बापू निवडून आले. धनवान आणि प्रतिष्ठित यांच्याखेरीज इतरांनाही लोक मते देतात, हा या निवडणुकीचा धडा यशवंतरावांनी आयुष्यभर जपला.

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलनाचा वणवा पेटला. यशवंतराव भूमिगत झाले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे निघाले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले. या मोर्चांच्या आखणीत यशवंतरावांचा मोठा वाटा होता. सरकारने त्याचा राग कुटुंबावर काढला. लग्नाला वर्ष पुरे होण्याच्या आत नववधू वेणूताईंना तुरुंगाची वाट धरावी लागली आणि त्यांच्या प्रकृतीने त्याची किंमत पुढे दीर्घकाळ मोजली. १९४३ मध्ये आजारी पत्नीला भेटण्यासाठी फलटणला आले असताना यशवंतराव पकडले गेले. फलटण हे गाव त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा येणार होते.

१९४६ च्या निवडणुकीत ते दक्षिण सातारा मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. त्या वेळी मताचा अधिकार मालमत्ता वा शिक्षण असणाऱ्यांपुरताच मर्यादित होता. प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर झालेल्या १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कराडमधून विजयी झाले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात नागरी पुरवठा मंत्री झाले. युद्धकाळापासून चालत आलेल्या नियंत्रणांचा तो शेवटचा टप्पा होता. कंट्रोलच्या कापडासाठी आणि रेशनच्या धान्यासाठी लागणाऱ्या रांगांच्या गोष्टी माझे वडील सांगत असत. १९५४ पर्यंत देशभरातील धान्यावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठली. पेठेतील व्यापाऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी एकाच वेळी सुटकेचा निःश्वास टाकावा, असे प्रसंग विरळाच येतात. हा त्यांपैकी एक होता.

१९५७ : काठावरचा कौल

यानंतरचे पर्व यशवंतरावांच्या जीवनातील सर्वांत कठीण पर्व होय. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, ही मागणी यशवंतरावांनाही मान्य होती. विदर्भ व मराठवाड्यातील नेत्यांबरोबर २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराच्या स्वाक्षरीकर्त्यांत त्यांचे नाव आहे. परंतु राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये बाहेर आला आणि सर्वत्र असंतोष पसरला. मुंबई महाराष्ट्रापासून तुटणार, या भीतीने मराठी जनता रस्त्यावर उतरली. अशा ऐन वेळी, डिसेंबर १९५५ मध्ये फलटण येथे यशवंतरावांनी जाहीर केले, की संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. ज्या फलटणला इंग्रजांनी त्यांना पकडले होते, त्याच फलटणला ते स्वकीयांच्या रोषाचे धनी झाले.

हा रोष साधा नव्हता. मुंबईत गोळीबार झाले. या लढ्यात १०५ हुतात्म्यांचे रक्त सांडले. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून यशवंतरावांवर झालेली टीका कोणाचेही मन मोडून पडावे अशी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. नेतेपदासाठी भाऊसाहेब हिरे यांच्याशी निवडणूक होऊन यशवंतराव वयाच्या ४३ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. कराडच्या बेलिफाचा मुलगा मुंबई राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला. परंतु त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात त्या दिवशी निर्मळ आनंद नव्हता.

पाचच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट उसळली. काँग्रेसचे मातब्बर उमेदवार एकामागून एक पडले. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून विजयी झाले, पण दोन हजारांहूनही कमी मताधिक्याने! घरच्या माणसांनीच पारडे काठावर आणून ठेवले होते. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातील जागांच्या बळावर सरकार तगले.

माझ्या मते यशवंतरावांचा मोठेपणा या काठावरच्या कौलानंतर दिसतो. विजय झाला म्हणून पेढे वाटून मोकळे होता आले असते. विरोधी मतदान करणाऱ्या गावांचा राग धरता आला असता. सत्ता हाती असलेल्या पुढाऱ्याला हे दोन्ही मार्ग सोपे असतात. यशवंतरावांनी हा कौल ताळेबंदासारखा वाचला. नफ्याचा आकडा दिसत असला तरी भांडवलाला ओहोटी लागली आहे, हे जाणत्या व्यापाऱ्याला कळते. तसे त्यांनी जाणले, की लोकांनी आपल्याला निवडून दिले असले तरी आपल्या भूमिकेला नाकारले आहे.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने या प्रसंगी प्रचंड निदर्शने योजली होती. वाईपासून पसरणीच्या घाटापर्यंत काळी निशाणे घेऊन हजारो माणसे उभी राहिली. सरकारने बळाचा वापर करून हे आंदोलन मोडले नाही आणि समितीच्या नेत्यांनीही संयम सोडला नाही. रक्ताचा थेंबही न सांडता तो दिवस पार पडला. मराठी माणसाच्या मनात काय आहे, हे नेहरूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जे शंभर निवेदनांनी झाले नसते ते त्या घाटात झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

त्यानंतर यशवंतरावांनी द्विभाषिकाचा कारभार निःपक्षपातीपणे चालविला आणि दुसरीकडे हा प्रयोग लोकांच्या गळी उतरलेला नाही, हे दिल्लीतील नेत्यांना शांतपणे पटवून दिले. गुजराती बांधवांच्या मनात कटुता राहू नये म्हणून नव्या गुजरात राज्याला आर्थिक भरपाई देण्याचेही ठरले. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. या यशाचे पहिले मानकरी हुतात्मे आणि समितीचे लढवय्ये नेते आहेत, याविषयी दुमत नसावे. परंतु लोकांचा कौल स्वतःविरुद्ध असतानाही तो प्रामाणिकपणे वर पोहोचविणारा मुख्यमंत्री त्या वेळी होता, हेही खतावणीत नोंदविले पाहिजे. बेळगाव-कारवारचा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही, ही नावेची नोंदही तितकीच खरी.

राज्याची पायाभरणी

नव्या राज्यात यशवंतरावांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली. एवढ्या अल्पावधीत त्यांनी घातलेला पाया पाहिला की मन थक्क होते. १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ ही त्यांतील ठळक कामे. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीची सवलत मिळू लागली आणि जातीचा विचार न करता हजारो घरांतील पहिला पदवीधर त्यातून तयार झाला. साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना करून त्याची धुरा वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपविण्यात आली. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. कोल्हापूरला १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्याने सातारा-सांगलीच्या मुलांचे पुण्याचे हेलपाटे वाचले. त्याच वर्षी कोयनेच्या जलविद्युत केंद्रातून वीज वाहू लागली.

या सर्वांत आपल्या विषयाशी अगदी जवळचे कार्य म्हणजे पंचायत राज्य. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. इतर काही राज्यांत खरा अधिकार तालुक्याच्या पातळीवर ठेवण्यात आला. महाराष्ट्राने तो जिल्ह्याला दिला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, शेती अशी लोकांच्या रोजच्या गरजेची खाती निवडून आलेल्या सदस्यांकडे आली. जिल्हाधिकाऱ्यांना या रचनेबाहेर ठेवले आणि आमदार-खासदारांनाही पदसिद्ध सदस्यत्व दिले नाही. ज्या मुख्यमंत्र्याने आमदारांच्या पाठिंब्यावर राज्य करावयाचे, त्यानेच आमदारांच्या हातातील सत्तेचा वाटा खाली गावाकडे द्यावा, ही गोष्ट सोपी नव्हे. १९३७ साली आत्माराम बापूंच्या प्रचारासाठी पायपीट करणाऱ्या तरुणाने पंचवीस वर्षांनी प्रत्येक खेड्यातील हुशार मुलासाठी एक नवी पायरी बांधून दिली. या पायरीवरून चढून गेलेले कितीतरी पुढारी आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी नंतर पाहिले. त्यांतील प्रत्येकाने विश्वस्ताचा धर्म पाळला असे म्हणता येणार नाही. पण तो दोष पायरी बांधणाराचा नव्हे.

या कामांची पावती १९६२ च्या निवडणुकीत मिळाली. विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. ज्या पश्चिम महाराष्ट्राने पाच वर्षांपूर्वी पाठ फिरविली होती, त्यानेच पुन्हा विश्वास टाकला. बुडत आलेले खाते पाच वर्षांत असे सावरणे, ही किमया थोड्यांनाच साधते.

दिल्लीचा दीर्घ प्रवास

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून घेतले. खचलेल्या सैन्याचे मनोबल उभारणे, डोंगराळ युद्धासाठी नव्या तुकड्या उभ्या करणे, संरक्षणाचे नियोजन पंचवार्षिक पद्धतीने करणे ही कामे त्यांनी धीराने केली. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात ही तयारी उपयोगी पडली. पुढे १९६६ मध्ये गृह, १९७० मध्ये अर्थ आणि १९७४ मध्ये परराष्ट्र अशी महत्त्वाची खाती त्यांनी सांभाळली. १९६७ पासून ते साताऱ्याचे खासदार होते आणि १९७१, १९७७ व १९८० या निवडणुकांतही साताऱ्याने त्यांनाच निवडून दिले.

परंतु दिल्लीतील वाटचालीत काही नोंदी नावेच्या बाजूलाही पडल्या. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगलेले यशवंतराव त्या वेळी मंत्रिमंडळात होते आणि तेथेच राहिले. त्यांचे ते मौन अनेक चाहत्यांना बोचले. १९७७ च्या पराभवानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. काँग्रेस फुटल्यावर ते इंदिराजींच्या विरोधी गटात राहिले. जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला आणि चरणसिंग यांच्या अल्पजीवी सरकारात ते उपपंतप्रधान झाले. धोरणी माणूस फार काळ कुंपणावर बसला की त्याच्या धोरणीपणालाच लोक दोष देऊ लागतात. तसे त्यांच्या वाट्याला आले.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत देशात इंदिराजींची लाट आली. त्या वेळी मी बी.कॉम. होऊन नुकताच दुकानाच्या गादीवर बसू लागलो होतो. पेठेत दिवसभर एकच चर्चा असे, की यंदा साहेबांचे काय होणार. महाराष्ट्रात त्यांच्या पक्षाचे सर्व उमेदवार पडले. एकटे यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले. १९५७ साली लाट त्यांच्याविरुद्ध असताना याच मुलुखाने त्यांना काठावर का होईना तारले होते आणि १९८० सालीही तारले. पक्ष, चिन्ह, लाट हे सारे बाजूला ठेवून मतदार एखाद्या माणसाला मत देतो, तेव्हा त्या मतामागे वर्षानुवर्षांची उधारी-वसुली चोख झालेली असते.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. त्यासाठी त्यांना दीर्घकाळ ताटकळावे लागले आणि परतल्यावर पूर्वीचा मान मिळाला नाही. ज्यांनी त्यांना लाटेविरुद्ध निवडून दिले होते, त्यांपैकी अनेकांना हे रुचले नाही. १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. केंद्राच्या उत्पन्नातील राज्यांचा वाटा ठरविण्याचे ते किचकट काम त्यांनी निष्ठेने केले आणि आयोगाचा अहवाल १९८४ मध्ये पुरा झाला. दुसऱ्याच्या ठेवीचा हिशेब काटेकोर ठेवावा, हा त्यांचा स्वभाव अखेरच्या पदावरही सुटला नाही.

अखेर

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. या दांपत्याला अपत्य नव्हते. चार दशकांच्या सोबतीनंतर आलेला तो एकटेपणा यशवंतरावांना सोसला नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या त्या अफाट गर्दीत प्रस्तुत लेखकही होता. पटक्याचे आणि टोपीचे, नऊवारीचे आणि पाचवारीचे, सारेच डोळे ओले होते. ज्यांनी १९५७ मध्ये त्यांच्याविरुद्ध मते दिली असतील, अशी वयोवृद्ध माणसेही काठीच्या आधाराने नदीकाठी आली होती.

यशवंतरावांनी मागे संपत्तीचा डोंगर ठेवला नाही. त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांचा ग्रंथसंग्रह. तो कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात जतन केला आहे. संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती ज्याच्या हाताखालून गेली, त्याच्या घरी अखेरीस पुस्तके सापडावीत, यास आपल्या परंपरेत अपरिग्रह असे नाव आहे. जन्माने जैन नसलेल्या या पुरुषाने ते व्रत न घेता पाळले.

'कृष्णाकाठ' हे त्यांचे आत्मचरित्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई व दिल्लीतील जीवनावर आणखी दोन खंड लिहिण्याचा त्यांचा मानस होता, तो काळाने पुरा होऊ दिला नाही. त्यामुळे हा ग्रंथ १९४६ साली संपतो, म्हणजे ज्या वर्षी लोकांनी त्यांना प्रथम निवडून दिले त्याच वर्षी. निवडून आल्यानंतरचा हिशेब लिहिणे त्यांच्या हातून राहिले. तो आता आपणच, म्हणजे मत देणाऱ्यांनी, वाचावयाचा आहे.

एखाद्या संस्थेची ५० वर्षे पूर्ण होतात, तेव्हा किती विश्वस्त आले आणि गेले याची यादी स्मरणिकेत छापली जाते. यादीतील नावे काळाच्या ओघात पुसट होतात. लक्षात राहतो तो एवढाच प्रश्न, की सभासदांनी नाराजी दाखविली तेव्हा त्या विश्वस्ताने काय केले. मने सांभाळून चूक दुरुस्त केली, की बहुमत आपलेच आहे असे म्हणून सभा गुंडाळली? दोन हजारांहून कमी मतांच्या विजयात आपला पराभव वाचू शकणारा मुख्यमंत्री या कृष्णाकाठी होऊन गेला. त्याच्या उणिवा आपल्याला ठाऊक आहेत, त्याने त्या लपविण्याचा खटाटोप केला नाही. सार्वजनिक कामाचा कोणताही लहानमोठा भार उचलणाऱ्या आपल्यासारख्यांनी १९५७ सालचे ते पान अधूनमधून उलगडून पाहावे, एवढीच विनंती करून प्रीतिसंगमावरील त्या समाधीस विनम्र अभिवादन करतो.